सांगोला विधानसभा मतदारसंघ : १९६२ ते २०२४ चा निकालतक्ता जुळत नाही

तळटीप

सांगोला (जि. सोलापूर) मतदारसंघाचा १९६२ पासूनचा निवडणूक इतिहास एका पानात मांडायचा आहे. निवडणूक आयोगाच्या सांख्यिकी अहवालांतून वर्षवार विजेते उतरवून घेतले, पण तीन ठिकाणी घोडं अडलंय.

१) १९६२ ते २०२४ या काळात विधानसभेच्या १४ सार्वत्रिक निवडणुका झाल्या. त्यात गणपतराव देशमुखांचं नाव विजेता म्हणून १० वेळा येतं. सगळीकडे मात्र 'अकरा वेळा आमदार' असं छापलेलं असतं. एक कुठे हरवला?

२) १९६२ चा सांगोला आणि २०२४ चा सांगोला एकाच तक्त्यात सलग दाखवणं योग्य आहे का? २००८ च्या पुनर्रचनेत हद्दी बदलल्या, एवढं माहीत आहे.

३) 'एकाच मतदारसंघातून सर्वाधिक वेळा निवडून येण्याचा देशातला विक्रम' हे वाक्य बऱ्याच ठिकाणी दिसतं. ते ठेवावं का?

जाणकारांनी नेमकं सांगावं. हा मतदारसंघ महाराष्ट्राच्या राजकारणात वेगळा आहे, त्याची नोंद ढिसाळ राहू नये.

---

मोजणीदार

पहिल्या प्रश्नाचं उत्तर १९७४.

१९७२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत काँग्रेसचे काकासाहेब साळुंखे-पाटील निवडून आले, देशमुख हरले. पुढे जागा रिकामी होऊन १९७४ मध्ये पोटनिवडणूक झाली आणि ती देशमुखांनी जिंकली. सार्वत्रिक निवडणुकीच्या अहवालात पोटनिवडणुकीचा निकाल नसतो. म्हणून फक्त ते अहवाल चाळणाऱ्या प्रत्येकाचा एक आकडा कमी भरतो. उलट विधानमंडळाच्या सदस्यसूचीवरून तक्ता केला, तर चौथ्या विधानसभेपुढे सांगोल्याची दोन नावं दिसतात, आणि घाईत त्यातलं एक गळतं.

पूर्ण क्रम असा:

१९६२, १९६७ – गणपतराव देशमुख, शेकाप (शेतकरी कामगार पक्ष)
१९७२ – काकासाहेब साळुंखे-पाटील, काँग्रेस
१९७४ (पोटनिवडणूक) – गणपतराव देशमुख, शेकाप
१९७८, १९८०, १९८५, १९९० – गणपतराव देशमुख, शेकाप
१९९५ – शहाजीबापू पाटील, काँग्रेस
१९९९, २००४, २००९, २०१४ – गणपतराव देशमुख, शेकाप
२०१९ – शहाजीबापू पाटील, शिवसेना
२०२४ – डॉ. बाबासाहेब देशमुख, शेकाप

म्हणजे १५ लढतींपैकी १२ शेकापच्या, त्यातल्या ११ एकट्या गणपतरावांच्या. तक्त्याचा पहिला रकाना 'विधानसभा' असा न ठेवता 'निवडणूक' असा ठेवा. मग पोटनिवडणुकीला आपोआप स्वतंत्र ओळ मिळते.

पोटनिवडणुकीची तारीख आणि मतं यांसाठी राज्य राजपत्र पाहा. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ च्या कलम ६७ नुसार निवडणूक निर्णय अधिकारी निकालाचा अहवाल पाठवतो आणि निवडून आलेल्याचं नाव राजपत्रात प्रसिद्ध होतं. इथे एक खबरदारी घ्या. रिक्त जागा सहा महिन्यांत भरण्याचं बंधन, म्हणजे कलम १५१अ, १९९६ मध्ये आलं. त्यामुळे १९७४ च्या मतदानातून सहा महिने वजा करून जागा कधी रिकामी झाली हे काढू नका. त्या काळात जागा त्याहून जास्त दिवस रिकामी राहू शकत होती.

१९७२ नंतरची सार्वत्रिक निवडणूक थेट १९७८ ची आहे हे पाहूनही काही जण गोंधळतात आणि मध्ये '१९७७' घुसवतात. १९७७ ला लोकसभा झाली, महाराष्ट्राची विधानसभा नाही. आणीबाणीत विधानसभेची मुदत वाढली आणि मतदान फेब्रुवारी १९७८ मध्ये झालं. याच्या उलट १९७८ ची विधानसभा फेब्रुवारी १९८० मध्येच बरखास्त झाली, म्हणून त्या दोन ओळी इतक्या जवळ आहेत.

विधानसभेचा क्रमांक द्यायचाच असेल तर १९६२ ची दुसरी. पहिली म्हणजे राज्यनिर्मितीच्या वेळी, १९६० मध्ये, द्विभाषिक मुंबई राज्यातून आलेल्या सदस्यांची. तिथून मोजत गेलात की २०२४ ची पंधरावी येते. १९६२ ला पहिली धरलं की सगळे क्रमांक एकाने चुकतात.

---

गावशीव

हद्दींबद्दल. सलग तक्ता चालेल, पण त्यात तीन आडव्या रेघा हव्यात.

१९६२ ची निवडणूक एका रचनेवर. १९६१ च्या जनगणनेवर आधारलेली रचना १९६७ आणि १९७२ ला, आणि १९७४ ची पोटनिवडणूकही त्याच हद्दीत. १९७१ च्या जनगणनेवरची १९७६ ची रचना १९७८ पासून २००४ पर्यंत, म्हणजे सात निवडणुका. आणि २००१ च्या जनगणनेवरची २००८ ची रचना २००९ पासून आजवर. राज्याच्या एकूण जागा पाहिल्या तरी हे टप्पे कळतात: १९६२ ला २६४, १९६७ व १९७२ ला २७०, १९७८ पासून २८८. शेवटच्या पुनर्रचनेत एकूण संख्या बदलली नाही, हद्दी मात्र राज्यभर बदलल्या. 'जागा तेवढ्याच, म्हणजे मतदारसंघ तोच' असा समज तिथूनच होतो.

२००८ पासून सांगोल्याचा क्रमांक २५३. त्यात सांगोला तालुका आणि पंढरपूर तालुक्याचा काही भाग येतो. २००४ पर्यंतचे क्रमांक याच्याशी लावू नका. जुनी यादी कोकणातून, सावंतवाडीपासून सुरू व्हायची. नवी अक्कलकुव्यापासून सुरू होऊन जतला, म्हणजे २८८ ला संपते. क्रमांकावरून दोन वर्षांच्या फाइली जोडणाऱ्याच्या हाती सांगोल्याऐवजी भलताच मतदारसंघ लागतो. नावावरूनच जोडा आणि इंग्रजी अहवालांत 'सांगोला' व 'सांगोले' ही दोन्ही स्पेलिंगं शोधा.

लोकसभेचा रकाना ठेवणार असाल तर तोही २००९ ला बदलतो. आधी सांगोला अनुसूचित जातींसाठी राखीव असलेल्या पंढरपूर लोकसभा मतदारसंघात होता. ती जागा पुनर्रचनेत गेली आणि माढा नव्याने आला: करमाळा, माढा, सांगोला, माळशिरस, फलटण आणि माण. लोकसभेला सांगोल्यातून कुणाला आघाडी मिळाली हा आकडा उपयोगी आहे, पण तो विधानसभेच्या तक्त्यात मिसळू नका. उमेदवार वेगळे असतात, आणि शेकापचा तर अनेकदा उमेदवारच नसतो.

१९५२ आणि १९५७ मागे जोडायचा मोह टाळा. मुंबई राज्यात तेव्हा द्विसदस्य मतदारसंघही होते, ते १९६१ च्या कायद्याने संपले. त्या वर्षांच्या हद्दी गावपातळीवर तपासल्याशिवाय 'सांगोल्याचा पहिला आमदार' असं कुणालाही म्हणू नये.

---

तळटीप

दोघांचेही आभार, १९७४ मुळे गाडं सुटलं. आता मतांकडे येतो. २०१४ नंतरच्या टक्केवाऱ्या दोन ठिकाणी वेगळ्या दिसतात, फरक दशांशात आहे. मोजणीच्या दिवशीचे वर्तमानपत्री आकडे आणि आयोगाचे आकडेही जुळत नाहीत. नेमकं काय धरावं?

---

आकडेमोड

टक्केवारी वेगळी येण्याचं मुख्य कारण नोटा, म्हणजे 'वरीलपैकी कोणीही नाही' हा पर्याय. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१३ च्या निकालानंतर नोटा आला, म्हणजे महाराष्ट्र विधानसभेला तो पहिल्यांदा २०१४ मध्ये. काही तक्ते एकूण मतांत नोटा धरून टक्के काढतात, काही फक्त उमेदवारांना पडलेली वैध मतं धरतात. अनामत वाचली की नाही हे पाहताना नोटा धरायचा नाही. एक षष्ठांश मोजायचा तो उमेदवारांच्या वैध मतांचा. १९६२ पासून एकच पद्धत ठेवायची असेल तर सगळीकडे वैध मतांवरच टक्के काढा आणि नोटाचा आकडा शेजारी वेगळा द्या. तसं केलं नाही तर २००९ आणि २०१४ ची तुलनाच चुकीची होईल.

दुसरं कारण टपाली मतं. यंत्रांवरची बेरीज आणि टपाली मतं मिळून अंतिम आकडा होतो. नमुना २० मध्ये, म्हणजे केंद्रनिहाय अंतिम निकालपत्रात, टपाली मतांची ओळ सगळ्यात शेवटी असते. केंद्रांची बेरीज करून थांबणाऱ्याकडून ती सुटते. सांगोल्यासारख्या ठिकाणी हे परवडत नाही, कारण इथे १९९५ चा निकाल १९२ मतांचा आणि २०१९ चा ७६८ मतांचा आहे. मोजणीच्या दिवशीचे वर्तमानपत्री आकडे शेवटची फेरी किंवा टपाली मतं यायच्या आधीचे असू शकतात, म्हणून ते घेऊ नका. नमुना २० आणि निकालाची घोषणा असलेला नमुना २१क, हे दोन कागद जुळले की आकडा पक्का समजायचा. (पोटनिवडणुकीसाठी घोषणेचा नमुना २१ड असतो.)

आता मतं. शेवटच्या तीन लढतींचे आकडे एकमेकांशेजारी ठेवा, या मतदारसंघाचं खरं चित्र तिथे दिसतं.

२०१४: गणपतराव देशमुख ९४,३७४, शहाजीबापू पाटील ६९,१५०. फरक २५,२२४.
२०१९: शहाजीबापू पाटील ९९,४६४, डॉ. अनिकेत देशमुख ९८,६९६. फरक ७६८.
२०२४: डॉ. बाबासाहेब देशमुख १,१६,२५६, शहाजीबापू पाटील ९०,८७०. फरक २५,३८६.

२०१९ बद्दल 'गणपतराव उभे राहिले नाहीत आणि शेकापची मतं घटली' असं सर्रास लिहिलं जातं. आकडे तसं सांगत नाहीत. शेकापची मतं २०१४ पेक्षा ४,३२२ ने वाढली. वाढूनही जागा गेली, कारण समोरच्याची मतं ३०,३१४ ने वाढली. २०१४ ला राज्यात युतीही तुटलेली होती आणि आघाडीही, मतं चार-पाच वाटांनी गेली होती. २०१९ ला शिवसेना-भाजप एकत्र होते. पक्षाची हक्काची मतं टिकली, विरोधातली विखुरलेली मतं मात्र एकत्र आली, असं हा आकडा सांगतो. दोन्ही बाजूंच्या मतांचे रकाने नसतील आणि फक्त 'मताधिक्य' असेल, तर ही गोष्ट तक्त्यात दिसणारच नाही.

२०२४ ला शेकापची १७,५६० मतं वाढली, पाटलांची ८,५९४ घटली. तिसरे होते शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षाचे दीपक साळुंखे, मतं सुमारे ५१ हजार. दुसऱ्या आणि तिसऱ्याची बेरीज पहिल्यापेक्षा जास्त होते, म्हणून 'मतविभागणीमुळे शेकाप जिंकला' असा निष्कर्ष लगेच काढला जातो. पण साळुंखे महाविकास आघाडीतल्या पक्षाचे उमेदवार होते. ते नसते तर ती ५१ हजार मतं महायुतीच्या उमेदवाराकडेच गेली असती, असं धरायला आधार नाही. बेरीज जरूर दाखवा, निष्कर्ष लिहू नका.

२०१४ आणि २०२४ चे फरक दिसायला इतके सारखे आहेत की उतरवताना त्यांची अदलाबदल होते. दोन्ही वर्षांच्या मतांची वजाबाकी पुन्हा करून पाहा.

---

माणगंगा

नावांच्या बाबतीत एक मोठा सापळा आहे, तो कुणी सांगितला नाही.

गणपतराव अण्णासाहेब देशमुख आणि बाबासाहेब अण्णासाहेब देशमुख. मधलं नाव एकच असल्यामुळे संगणकावर यादी जुळवणारे यांना भाऊ ठरवतात. बाबासाहेब हे गणपतरावांचे नातू. २०१९ चे उमेदवार अनिकेत चंद्रकांत देशमुख हेही नातूच. म्हणजे २०१९ आणि २०२४ मध्ये पक्ष तोच, घर तेच, पण उमेदवार वेगळे. नावाच्या रकान्यात फक्त 'देशमुख' लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल की २०१९ ला हरलेलाच पुढच्या वेळी जिंकला.

पक्षांची नावं त्या त्या वर्षी अहवालात छापली आहेत तशीच ठेवा. १९७८ ला काँग्रेस आणि काँग्रेस (आय) वेगवेगळ्या लढल्या, १९८० ला काँग्रेस (आय) आणि काँग्रेस (अर्स). उपविजेत्यांच्या रकान्यात सगळ्यांना सरसकट 'काँग्रेस' लिहिलं तर लढतीचा अर्थच बदलतो. शिवसेनेचंही तसंच. १७ फेब्रुवारी २०२३ च्या आयोगाच्या आदेशानंतर नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाकडे गेले. म्हणून पाटलांपुढे २०१९ आणि २०२४ दोन्हीकडे 'शिवसेना'च येईल, पण ती एकच संघटना धरू नये. खाली एक ओळीची टीप द्या.

'देशातला विक्रम' हे वाक्य काढून टाका. केरळमध्ये पाला मतदारसंघातून के. एम. माणी १३ वेळा निवडून आले, पुथुपल्लीतून ओमन चंडी १२ वेळा. (माणींची १९६५ ची निवडणूक मोजायची का, हा वाद होऊ शकतो, कारण ती विधानसभा भरलीच नाही. ती वगळली तरी १२ होतात.) करुणानिधीही १३ वेळा निवडून आले, पण वेगवेगळ्या मतदारसंघांतून. 'महाराष्ट्रात सर्वाधिक, ११ वेळा, तेही एकाच मतदारसंघातून' हे खरं आहे आणि ते पुरेसं मोठं आहे. त्याला खोट्या विशेषणाची गरज नाही.

'५४ वर्षे', '५५ वर्षे आमदार' असंही छापलेलं आढळेल. मोजून पाहा: १९६२ ते १९७२ दहा वर्षं, १९७४ ते १९९५ सुमारे एकवीस, १९९९ ते २०१९ वीस. बेरीज ५१ च्या आसपास, आणि १९८० च्या सुरुवातीचे राष्ट्रपती राजवटीचे महिने वजा केले तर आणखी थोडी कमी. १९७२-७४ आणि १९९५-९९ ही दोन भगदाडं विसरली की आकडा फुगतो.

आणि तक्त्यासोबत एक परिच्छेद पाण्यावर हवाच. शेकापच्या राज्यातल्या जागा बघा: १९७८ ला १३, १९८५ ला पुन्हा १३, १९९० ला ८, १९९५ ला ६, १९९९ ला ५, २००४ ला २, २००९ ला ४, २०१४ ला ३, आणि २०१९ व २०२४ ला एकेक. पक्ष असा आटत गेला, तरी सांगोल्यात तो उभा राहिला. २०२४ ची राज्यातली एकमेव जागा सांगोल्याचीच. याचं कारण नुसत्या आकड्यांत सापडत नाही. माणदेशाचा हा भाग पर्जन्यछायेचा. १९९३ पासून आटपाडीला भरलेल्या पाणी परिषदांत स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींसोबत गणपतराव होते, आणि टेंभू-म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचं पाणी हा इथल्या प्रत्येक निवडणुकीचा मुद्दा राहिला. जोडीला सहकारी सूतगिरणीचं जाळं. आमदार मंत्रिमंडळात १९७८ आणि १९९९ अशा दोनच वेळा गेला, बाकीचा बहुतेक काळ विरोधी बाकांवर होता. मंत्रिपदाच्या बळावर जपलेली ही जागा नव्हे, हे वाचकाला कळलं पाहिजे.

जातनिहाय मतदारांचे आकडे मात्र घालू नका. निवडणूक आयोग असे आकडे देत नाही. मतदारसंघागणिक फिरणारी ती टक्केवारी कुणी कशी काढली हे कधीच लिहिलेलं नसतं.

---

तळटीप

रकाने असे ठरवतोय: निवडणूक, रचना (१ ते ४), विजेता, पक्ष, मते, उपविजेता, पक्ष, मते, फरक, वैध मते, नोटा. १९७४ ची ओळ स्वतंत्र. एक शंका राहते. २०२४ ला शेकापपुढे 'महाविकास आघाडी' लिहायचं का? काही ठिकाणी तसं दिसतं.

---

मोजणीदार

आघाडीचा रकानाच ठेवू नका. सांगोल्यात शेकाप आणि शिवसेना (उबाठा) दोघेही रिंगणात होते, मग एकाच आघाडीचे दोन उमेदवार कसे दाखवणार? आघाडीची नोंद मतपत्रिकेवर नसते आणि नमुना २० मध्येही नसते. आयोगाच्या निकालात उमेदवारापुढे फक्त पक्ष असतो. तेवढंच घ्या.

चिन्हाचा रकाना असेल तर तोही गाळा किंवा प्रत्येक वर्षाचा स्वतंत्र तपासा. शेकाप आता नोंदणीकृत पण मान्यता नसलेला पक्ष आहे. अशा पक्षाला राखीव चिन्ह नसतं, मुक्त चिन्हांतून मिळतं. 'शेकाप म्हणजे खटारा' असं गृहीत धरून २०२४ ची ओळ भरू नका.

---

गावशीव

रचनेच्या रकान्यात १ ते ४ असे आकडे देण्यापेक्षा जनगणनेचं वर्ष लिहा: १९६७ पासून '१९६१', १९७८ पासून '१९७१', २००९ पासून '२००१'. १९६२ च्या ओळीत 'जुनी रचना' पुरे. पुढची पुनर्रचना झाली की नुसती एक ओळ वाढेल, मागचं काही बदलावं लागणार नाही.